बडोद्याची गाडी, विरारची लोकल आणि जादाचे रूळ

बडोद्याहून रात्रीच्या गाडीने मुंबईला जाणाऱ्या मराठी घरांत एक नियम ठरलेला असतो: विरार आलं की उठायचं. चादरींच्या घड्या करायच्या, बर्थखालच्या पिशव्या मोजायच्या, पोरांचे बूट शोधायचे. आणि मग नुसतं बसून राहायचं, कारण विरारपर्यंत सुसाट आलेली गाडी तिथून पुढे रांगायला लागते. मध्येच थांबते, सुटते, पुन्हा थांबते. घरातलं कोणीतरी जाणकार म्हणतं, "लोकलला आधी सोडतात ना, म्हणून आपल्याला थांबवलंय."

नेमकं त्याच वेळी शेजारच्या रुळावरच्या लोकलमध्ये, दाराच्या दांड्याला धरून उभा असलेला माणूस वैतागून म्हणत असतो, "मेल आली वाटतं. आता आपल्याला साइडला काढणार."

मी या दोन्ही गाड्यांमधला प्रवासी आहे. दांडिया बाजारात वाढलो, कलाभवनातून बी.ई. झालो आणि गेली अकरा वर्षं वसईत राहून गोरेगावला सॉफ्टवेअरची नोकरी करतोय. महिन्याचे वीस-बावीस दिवस लोकलवाला, आई-बाबांना भेटायला येतो ते दोन दिवस मेलवाला. दोन्हीकडची चिडचिड ऐकून माझं मत असं झालंय की दोघंही खरं बोलतात. एकाच रुळावर दोघांना पळवायचं म्हटलं की रोज कोणाला तरी थांबवावंच लागतं.

सध्या वर्तमानपत्रात 'सहावी मार्गिका', 'महिनाभराचा ब्लॉक', 'विरार-डहाणू चौपदरीकरण' असे शब्द सारखे येतात. आपल्याकडे ते वाचून लोक एवढंच विचारतात, "गाडी लेट होणार का?" त्या प्रश्नाच्या पलीकडे काय चाललंय, ते सांगावं म्हणून हा लेख.

रूळ आधी बडोद्याला आले

या मार्गाची एक गोष्ट बडोदेकरांना आवडेल. मुंबईहून रेल्वे निघाली आणि हळूहळू बडोद्याला पोचली, असा आपला समज असतो. प्रत्यक्षात बी.बी.सी.आय. म्हणजे बॉम्बे, बरोडा अँड सेंट्रल इंडिया रेल्वे कंपनीने काम गुजरातेतून सुरू केलं. १८६० मध्ये अंकलेश्वर ते उतराण हा पहिला तुकडा चालू झाला, १८६१ मध्ये गाडी बडोद्यात आली आणि मुंबईतलं ग्रँट रोड जोडलं गेलं ते १८६४ च्या नोव्हेंबरात. दरम्यान, १८६२ मध्ये खंडेराव महाराजांच्या काळात डभोई ते मियागाम अशी नॅरोगेज रेल्वे आपल्याकडे झाली होती. तिच्या गाड्या सुरुवातीला बैल ओढत.

मुंबईच्या पश्चिम बाजूची पहिली उपनगरी गाडी धावली १२ एप्रिल १८६७ रोजी, विरार ते बॅकबे. दिवसभरात सकाळी एक जाणारी आणि संध्याकाळी एक परत येणारी. तिच्या थांब्यांत आजच्या नालासोपारा, वसई, बोरिवली, गोरेगाव, अंधेरी यांच्याबरोबर पाणजू नावाचा एक थांबा होता. हे नाव लक्षात ठेवा, पुढे येणार आहे.

१९२८ मध्ये बोरिवलीपर्यंत विजेची लोकल आली, १९३६ मध्ये विरारपर्यंत. बोरिवली ते विरार चार रूळ व्हायला २००७ साल उजाडलं. २०१३ पासून लोकल डहाणूपर्यंत जायला लागली. आज पश्चिम रेल्वेवर दिवसाला लोकलच्या साधारण १४०० फेऱ्या होतात. एका फेरीवरून चौदाशेवर आलो, पण खाड्या त्याच, वाट तीच, आणि विरारच्या उत्तरेला तर अजूनही जाणारा एक आणि येणारा एक असे दोनच रूळ. त्याच दोन रुळांवर राजधानी, वंदे भारत, आपल्या मेल गाड्या, मालगाड्या आणि डहाणू लोकल.

सतरा मिनिटांचं गणित

जादा रूळ घातले की जादा गाड्या येतील, असं सगळे म्हणतात. ते खरं आहे, पण मुख्य फायदा तो नव्हे. मुख्य फायदा वेगवेगळ्या चालीच्या गाड्या वेगळ्या करण्याचा. हे कागदावर मांडून बघूया.

विरार ते बोरिवली अंतर सुमारे २६ किलोमीटर. मधल्या सगळ्या स्टेशनांवर थांबणारी लोकल ते साधारण अर्ध्या तासात कापते. न थांबता ताशी शंभरने जाणारी एक्सप्रेस ते सोळा मिनिटांत कापेल. समजा, गर्दीच्या वेळी दर तीन मिनिटांनी एक लोकल विरारहून सुटते. आता आपली बडोद्याची गाडी आली. तिला बोरिवलीपर्यंत कुठेही न अडखळता न्यायचं असेल, तर पुढची लोकल सुटल्यावर तिला विरारला किमान सतरा मिनिटं रोखून धरायला हवं. नाहीतर ती वाटेतच लोकलच्या पाठीला लागणार. आणि ती सतरा मिनिटं तो रूळ रिकामा ठेवायचा, म्हणजे मधल्या पाच-सहा लोकल रद्दच करायच्या.

गर्दीच्या वेळी बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये साडेचार-पाच हजार माणसं असतात. चोवीस डब्यांच्या मेलमध्ये दीडेक हजार. दीड हजारांच्या सोयीसाठी पंचवीस हजारांना फलाटावर उभं ठेवायचं का? कोणीही शहाणा माणूस नाहीच म्हणेल. म्हणून सकाळच्या वेळी आपली गाडी लोकलच्या मागे रांगते. सिग्नलवाला झोपलेला नसतो, त्याने हिशेब केलेला असतो.

विरारच्या उत्तरेला गणित उलटं फिरतं. तिथे लोकलच्या फेऱ्या कमी आणि लांब पल्ल्याच्या गाड्या जास्त. मग तिथे लोकल बाजूला घेऊन मेल पुढे काढतात. सफाळे, पालघर, बोईसरच्या रोजच्या प्रवाशांची हीच जुनी तक्रार. आपण एसी डब्यात झोपेत असतो तेव्हा आपल्या गाडीला वाट द्यायला कोणाची तरी नोकरीची वेळ चुकत असते.

आमच्या धंद्यातला कुठलाही पोरगा हे लगेच ओळखेल. एकाच रांगेत छोटी झटपट कामं आणि मोठी लांबलचक कामं घातली की दोन्हींचा खोळंबा होतो. मशीन कितीही वेगवान आणा, उपयोग थोडाच. उपाय एकच, रांगा वेगळ्या करायच्या. नव्या सिग्नल यंत्रणेने दोन लोकलमधलं अंतर कमी करता येतं आणि तेही मुंबईच्या योजनेत आहे, पण मिसळलेल्या गाड्या तिने वेगळ्या होत नाहीत.

आणखी एक गोष्ट खिडकीतून दिसत नाही. गाडी एका रुळावरून दुसऱ्या रुळावर नेतात तो सांधा. लांब पल्ल्याची गाडी मधले रूळ ओलांडून पलीकडे जाते, तेव्हा ती ज्या ज्या रुळाला कापते ते सगळे तेवढा वेळ बंद. बारा डब्यांची लोकल अडीचशे मीटरच्या आसपास असते, चोवीस डब्यांची मेल साडेपाचशे मीटरच्या पुढे, आणि सांध्यावरून जायचं ते हळू. शेवटचा डबा पार होईपर्यंत मागच्या लोकल थांबलेल्या. लोकलच्या मोटारी गाडीभर ठिकठिकाणी असतात म्हणून ती पटकन वेग घेते, तर मेलचं एक इंजिन एवढे डबे ओढत सावकाश वेग घेतं. एकदा थांबवलेली मेल म्हणूनच सगळ्यांना महाग पडते.

तीन कामं, एकशे वीस किलोमीटर

आपल्या वाटेवर मिळून तीन कामं आहेत. दक्षिणेकडून उत्तरेकडे बघू.

पहिलं, मुंबई सेंट्रल ते बोरिवली सहावी मार्गिका, ३० किलोमीटर. या पट्ट्यात पाचवा रूळ आधीच टप्प्याटप्प्याने आला आहे, पण एकाच रुळावर जाणारी-येणारी वाहतूक किती करणार? सहावा आला की दोघांची जोडी होते आणि लांब पल्ल्याच्या गाड्यांना जायला-यायला स्वतःची वाट मिळते. खार ते गोरेगाव हा पहिला तुकडा नोव्हेंबर २०२३ मध्ये चालू झाला. गोरेगाव ते कांदिवली हा साडेचार किलोमीटरचा तुकडा ऑक्टोबर २०२४ मध्ये. त्यानंतर कांदिवली-बोरिवली, आणि दक्षिणेला खारपासून मुंबई सेंट्रलपर्यंत.

दुसरं, बोरिवली ते विरार पाचवी आणि सहावी मार्गिका, २६ किलोमीटर. वरचं सतरा मिनिटांचं गणित सुटेल ते इथे.

तिसरं, विरार ते डहाणू तिसरी आणि चौथी मार्गिका, ६४ किलोमीटर. दोनाचे चार रूळ. सध्या बडोद्याहून दिवसाच्या गाडीने आलात तर डहाणूपासून पुढे खिडकीबाहेर मातीचे भराव, नव्या पुलांचे खांब दिसतात, ते हेच काम.

तिन्हींची बेरीज १२० किलोमीटर. ही कामं मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाच्या वेगवेगळ्या टप्प्यांतली. १९९९ मध्ये स्थापन झालेलं मुंबई रेल्वे विकास महामंडळ हे प्रकल्प बघतं आणि खर्चाचा भार रेल्वे मंत्रालय व महाराष्ट्र सरकार निम्मा-निम्मा उचलतात. विरार-डहाणूच्या कामाला २०१६ मध्ये मंजुरी मिळाली तेव्हाचा अंदाज ३५७८ कोटी रुपयांचा, बोरिवली-विरारचा २०१९ मध्ये २१८४ कोटींचा. बडोद्यात बुलेट ट्रेनवर जितकी चर्चा होते, तिच्या दहावा हिस्साही या कामांवर होत नाही. बुलेट ट्रेनच्या ५०८ किलोमीटरमध्ये बारा स्टेशनं आहेत. सफाळ्याची भाजीवाली, वाणगावचा कॉलेजातला पोरगा आणि आपल्या स्लीपर डब्यातले आजी-आजोबा यांची वाट मात्र हे जादाचे रूळच सोडवणार आहेत.

चालत्या गाडीखालचं काम

सहावी मार्गिका ज्या दुसऱ्या टप्प्यात आहे, त्याला मंजुरी २००८ च्या सुमाराची. पहिला तुकडा चालू झाला २०२३ मध्ये. नऊ किलोमीटरच्या आसपासच्या रुळाला पंधरा वर्षं? असं कोणीही विचारेल. मीही विचारायचो. मग रोज त्या कामाच्या शेजारून जाता जाता उत्तर हळूहळू दिसत गेलं.

मोकळ्या माळावर रूळ टाकायला वेळ लागत नाही. इथे दोन्ही बाजूंना इमारती, झोपड्या, दुकानं, नाले, विजेच्या केबल, सिग्नलच्या केबल, पाण्याच्या वाहिन्या. जुन्या रस्त्यांचे पूल आणि पादचारी पूल चार-पाच रूळ धरून बांधलेले, त्यांचा खांब नेमका जिथे सहावा रूळ जायचा तिथे उभा. म्हणजे आधी नवा पूल बांधा, मग जुना पाडा, मग रूळ टाका. राहत्या माणसांना दुसरीकडे घर द्या, मग जागा मोकळी होणार.

मालाडचं उदाहरण घ्या. तिथे हव्या त्या बाजूला जागाच मिळेना. शेवटी नवा रूळ दुसऱ्या बाजूला घालून आधीचे पाचही रूळ एकामागून एक थोडे थोडे सरकवावे लागले. रेल्वेच्या भाषेत याला 'कट अँड कनेक्शन' म्हणतात. रूळ कापायचा, सरकवायचा, नव्या जागी जोडायचा, वरची विजेची तार सरकवायची, सिग्नल तपासायचे, आणि सकाळी पहिल्या लोकलला वाट मोकळी. आमच्याकडे चालू सर्व्हरवर बदल करायचा असला की रात्री दोनला करतात आणि बिघडलं तर बटण दाबून जुनी आवृत्ती परत आणतात. कापलेल्या रुळाला असं बटण नसतं.

म्हणून ब्लॉक. खार-गोरेगावसाठी ऑक्टोबर २०२३ मध्ये एकोणतीस दिवसांचा ब्लॉक होता आणि त्यातल्या शेवटच्या दहा-अकरा दिवसांत अडीच हजारांच्या आसपास लोकल फेऱ्या रद्द झाल्या. माझ्यासारख्यांना त्या दिवसांत घरून काम करायची मुभा मिळाली. आमच्या इमारतीत तीन घरी स्वयंपाक करणाऱ्या मावशी सफाळ्याहून येतात. त्यांना घरून काम कुठून मिळणार? गाडी चुकली, खाडा पडला, एका घरी पैसे कापले गेले. प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात सिमेंट असतं, पोलाद असतं, मावशींचे ते खाडे नसतात. आमच्या मजल्यावरच्या चौघांनी मिळून ठरवलं की ब्लॉकच्या दिवसांचा पगार कापायचा नाही. मुंबईत राहणाऱ्या आपल्या मंडळींना माझं सांगणं आहे की पुढच्या ब्लॉकला तुम्हीही असं ठरवा.

वरून जाणारे पूल

वसईची खाडी ओलांडायला एक पूल पुरत नाही, दोन लागतात, कारण नायगाव आणि भाईंदर यांच्या मध्ये एक बेट आहे. तेच हे पाणजू. १८६७ च्या पहिल्या लोकलला जिथे थांबा होता, त्या बेटावरचे लोक आज होडीने नायगावला येऊन मग लोकल पकडतात. दिवसाला शेकडो गाड्या त्यांच्या डोक्याशेजारून जातात, त्यातली एकही त्यांच्यासाठी थांबत नाही.

उत्तरेला वैतरणा खाडीत दुसरं असंच गाव आहे, वाढीव. दोन रेल्वे पुलांच्या मध्ये ते अडकलेलं. तिथली माणसं स्टेशन गाठायला रेल्वेच्या पुलावरून चालत जातात. शाळेतली पोरं, दुधाच्या बरण्या घेतलेल्या बायका, आजारी माणूस, सगळे. बाजूने राजधानी गेली की वाऱ्याच्या झोताने माणूस खाली जाऊ शकतो, आणि असे जीव गेलेही आहेत.

बोरिवली-विरारचे जादा रूळ पाणजूवरून आणि विरार-डहाणूचे वैतरणेवरून जाणार, म्हणजे दोन्ही खाड्यांवर नवे पूल. खाडीच्या गाळात पाया घेणं, भरती-ओहोटीत काम करणं, चालू पुलाला धक्का न लावता शेजारी खांब उभे करणं, हे सगळं इंजिनीअर लोक करतातच. मला त्यांच्याकडून एक गोष्ट हवीशी वाटते. नवा पूल बांधताना त्याच्या कडेला माणसाला चालण्यापुरती सुरक्षित पट्टी आणि कठडा. हजारो कोटींच्या कामात हा खर्च किती असणार? ज्यांच्या दारावरून पूल जातो त्यांना त्या पुलावर जीव मुठीत धरून चालावं लागू नये, एवढी साधी अपेक्षा आहे.

खाडीकाठची तिवरंही यात येतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालानंतर महाराष्ट्रात तिवरांना हात लावायचा तर काम लोकहिताचं आहे हे न्यायालयाला पटवून परवानगी घ्यावी लागते. यामुळे प्रकल्प लांबतात अशी कुरकुर मी डब्यात ऐकतो. पण २६ जुलै २००५ चं पाणी ज्यांनी मुंबईत पाहिलंय, त्यांना खाडीकाठी भरतीचं पाणी झेलणारी झाडं का हवीत हे वेगळं सांगावं लागत नाही. रूळ हवेत आणि तिवरंही हवीत. ताळमेळ घालायला वेळ लागला तर तो वेळ वाया गेला असं मी म्हणणार नाही.

आणि आता थोडं आपल्याबद्दल. बडोद्याहून येणाऱ्या गाडीत खाडी आली की पिशवीतलं निर्माल्य, नारळ खिडकीतून किंवा दारातून खाली टाकायची आपल्यातल्या काहींना सवय आहे. लोकलमधलेही टाकतात. २०२५ मध्ये याच नायगाव-भाईंदर पुलावरून चालणाऱ्या एका तरुणाला धावत्या गाडीतून फेकलेला नारळ लागला आणि तो गेला. टाकणाऱ्याने बहुधा हात जोडून नमस्कारही केला असेल. घरातल्या मोठ्यांना हे सांगायला संकोच वाटतो, पण सांगा. निर्माल्य कुंडीत टाकलं तरी देवाला पोचतं.

मग गर्दी कमी होईल?

खरं सांगायचं तर नुसत्या रुळांनी नाही.

मध्य रेल्वेवर ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका फेब्रुवारी २०२२ मध्ये चालू झाली. सुमारे ६२० कोटींचा खर्च, १.४ किलोमीटरचा रेल्वे उड्डाणपूल, तीन मोठे आणि एकवीस लहान पूल. लांब पल्ल्याच्या गाड्या वेगळ्या झाल्या आणि लोकलच्या ३६ नव्या फेऱ्यांना जागा झाली. काम चांगलं झालं. तरीही जून २०२५ मध्ये त्याच पट्ट्यात मुंब्र्याजवळ खचाखच भरलेल्या लोकलच्या दारातून माणसं खाली पडली आणि काहींचा जीव गेला. त्यानंतर नव्या लोकलना आपोआप बंद होणारी दारं बसवायचं ठरलं. मुंबईच्या लोकलमार्गांवर, करोनाची दोन वर्षं सोडली तर, दरवर्षी दोन हजारांहून अधिक माणसं मरतात. कोणी पडून, बरेचसे रूळ ओलांडताना.

रूळ ओलांडताना, हे शब्द महत्त्वाचे. चाराचे सहा रूळ झाले की ओलांडायचं अंतर वाढतं आणि गाड्याही वाढतात. म्हणजे जादा रुळांबरोबर जादा पादचारी पूल, सरकते जिने, रुंद जिने आलेच पाहिजेत. सप्टेंबर २०१७ मध्ये प्रभादेवीच्या, तेव्हाच्या एल्फिन्स्टन रोडच्या, अरुंद पुलावर पावसात चेंगराचेंगरी होऊन २३ जण गेले. त्या दिवशी गाड्या नीट धावत होत्या, रूळही पुरेसे होते. अपुरा होता तो जिना.

दुसरं असं की जागा झाली की माणसं येतात. विरारपर्यंत चार रूळ झाले आणि नालासोपारा-विरारमध्ये इमारती उगवत गेल्या. परवडणारं घर जिथे, तिथे माणूस जाणारच. उद्या डहाणूपर्यंत चार रूळ झाले की पालघर-बोईसरला तेच होईल. म्हणून मी जादा रुळांकडे गर्दीवरचं औषध म्हणून बघत नाही. वेगळ्या वाटा झाल्या की एका गाडीचा उशीर दुसरीला लागत नाही आणि वेळापत्रकावर विसंबता येतं. रोज दोन तास प्रवास करणाऱ्याला गाडी कधी येणार हे नक्की माहीत असणं, ही बसायला जागा मिळण्याइतकीच मोठी गोष्ट आहे. ज्याला ते माहीत असतं तो पळत्या गाडीत उडी मारत नाही.

आपल्या पोरांसाठी

गेल्या महिन्यात मामेभावाचा फोन आला. त्याला अंधेरीत पहिली नोकरी लागलीय. विचारत होता, "दादा, पालघरला भाडं अर्ध्याहून कमी आहे. चार रूळ होतायतच ना आता? तिथेच घर बघू का?" बडोद्यातून, सुरतेतून, नवसारीतून मुंबईला जाणाऱ्या आपल्या किती पोरांपुढे हाच प्रश्न असतो, म्हणून त्याला दिलेलं उत्तर इथे लिहितो.

घर आजच्या गाडीवर ठरव, उद्याच्या रुळावर नको. तुझ्या कामाच्या वेळेची लोकल नेमकी कुठली, ती चुकली तर पुढची किती वेळाने, हे आधी वेळापत्रकात बघ. मग सोमवारी सकाळी एकदा आणि पावसाळ्यात एकदा तोच प्रवास करून बघ. पुढचे रूळ आले तर तो फायदा समज, पण त्यांच्या भरवशावर करार करू नकोस.

मुंबईला नातेवाइकांकडे येणाऱ्यांसाठीही दोन गोष्टी. बोरिवलीला मेलमधून उतरलात की सामान घेऊन सकाळच्या विरार फास्टमध्ये घुसायचा प्रयत्न करू नका. ती आधीच भरून आलेली असते आणि तुमच्या बॅगेमुळे दोघं-तिघं दारात लटकतात. बोरिवलीहूनच सुटणारी धीमी लोकल घ्या. दहा-पंधरा मिनिटं जास्त लागतील, पण बसून जाल. आणि निघण्याआधी ब्लॉकची बातमी बघा. रात्रीच्या गाड्यांवरही तिचा परिणाम होतो.

मामेभावाने शेवटी भाईंदरला दोन मित्रांबरोबर खोली घेतली. भाडं पालघरपेक्षा जास्त आहे, पण संध्याकाळी साडेसातला घरी पोचतो. परवा म्हणाला, "दादा, आता बडोद्याची गाडी थांबली की मला राग येत नाही. बाजूने लोकल जाताना दिसते ना." मी त्याला म्हटलं, बोरिवली-विरारचे रूळ पूर्ण झाले की दोघीही थांबणार नाहीत.